राणी ओळखणारी बाई

कारियाईनी गावात वाशेकेला कुणी चांगली बाई म्हणत नसे. पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मात्र तिच्याशी भांडलेल्या बायकाही कबूल करत. ते ऐकलं की वाशेकेची मान ताठ व्हायची. बाकी आयुष्यात मान ताठ करावी असं तिच्याकडे होतं तरी काय? चौथीत सुटलेली शाळा, मोम्बासाकडे ट्रक घेऊन गेला तो गेलाच असा नवरा, एक मुलगी मुगुरे आणि पत्र्याची दीड खोली.

नजर तयार झाली गुलाबांवर. तळ्याकाठच्या फुलांच्या मळ्यात अठरा वर्षं ती प्रतवारीच्या टेबलाशी उभी होती. देठ किती लांब, कळी किती फुगलेली, पाकळीवर डाग आहे की नाही, हे तिला फूल हातात येण्याआधीच कळायचं. डावीकडे परदेशचं फूल, उजवीकडे गावचं, पायाशी फेकायचं. औषधाने बोटांची सालपटं निघायला लागली तेव्हा तिने सगळ्या टेबलासाठी हातमोजे मागितले. मुकादम म्हणाला, "फुलं निवडायला ठेवलंय तुला, लग्नात मिरवायला नाही." तिने त्याच्या तोंडावर काटेरी देठांची जुडी फेकली. संध्याकाळी ती फाटकाबाहेर होती. टेबलावरच्या एकाही बाईने मान वर केली नाही. हे ती कधी विसरली नाही, आणि तिथूनच ती अशी झाली असं म्हणायला जागा आहे. मात्र आधीही ती फार मऊ नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांनी न्गारूयाने मुंग्यांचा धंदा आणला.

हा न्गारूया आधी मोटरसायकलचे सुटे भाग विकायचा. तो सांगत आला की परदेशात लोक काचेच्या पेटीत मुंग्यांचं वारूळ पाळतात आणि आपल्याकडच्या लाल, दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या मुंगीसाठी जीव टाकतात. गाव आठवडाभर हसलं. मग मार्चचा पाऊस पडला, सकाळी वारुळांच्या तोंडातून पंखवाल्या मुंग्या उडाल्या, आणि हसणारेच डबे घेऊन रानात धावले. पहिल्या दिवशी तीन डबे भरून आले. न्गारूयाने ते परदेशी गिऱ्हाइकाला दाखवले आणि शिव्या खाऊन परत आला. डब्यांत राण्या होत्या मोजून चार. राणी नसेल तर वारूळ नाही. बाकी सगळ्या कामकरी, पेटीत घातल्या की महिन्याभरात मरणाऱ्या.

तेव्हा वाशेके पुढे झाली. तिने त्या चार राण्या दोन दिवस समोर ठेवून बघितल्या. भाकरीच्या पिठातला खडा बघावा तशा. तिसऱ्या दिवसापासून न्गारूयाच्या मागच्या खोलीत टेबल लागलं आणि त्यामागे वाशेके बसली. पोरी, म्हाताऱ्या, बाप्ये, सगळे डबे घेऊन तिच्यासमोर रांगेत उभे राहू लागले.

"डोकं बघू नकोस गं, डोकं!" ती खेकसायची. "मोठं डोकं बघून माणूस फसतं, तसंच मुंगीतही फसतं. मोठ्या डोक्याची ती कामकरीच. दाणे फोडायला जबडा हवा म्हणून डोकं वाढलंय तिचं. टाळकी आहे ती, टाळकी! राणीची पाठ बघ. खांद्यात कशी भरलीय, कुबड आल्यासारखी. पंख वागवायला तिथे मांस लागतं. कामकरीची तिथली कंबर तुझ्या नवऱ्याच्या पगारासारखी, दिसेल न दिसेल."

बायका हसायच्या. जिच्या नवऱ्याचं नाव निघालं ती सोडून.

"आणि पंख गळले तर?" कुणी विचारायचं.

"गळले तर खूण राहते. खांद्यावर दोन्ही बाजूंना, छाटलेल्या फांदीचा डोळा राहतो तशी. राणी नराला भेटून खाली उतरली की स्वतःच पंख मोडते, सांध्यात, स्वच्छ. तिलाच पुढे अंडी होतात. पंख आहेत ती अजून कुमारी, तिचा भरवसा नाही. आणि कपाळावर तीन बारीक ठिपके, जास्तीचे डोळे. कामकरीला ते नसतात, तिला वर बघायचं कामच काय?"

एवढं शिकवूनही चुकणाऱ्याची ती गय करत नसे. चुकलेली मुंगी ती जॅमच्या बाटलीत टाकायची, न्गारूयाच्या कोंबड्यांसाठी, आणि आणणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायची.

न्याम्बेकी शोशोचं तिने केलं ते मात्र कारियाईनीत अजून सांगतात.

शोशो म्हणजे आजी. न्याम्बेकी साठीच्या पुढची विधवा, सगळ्या गावाची आजी. गुडघे धरलेले, तरी ती चिखलात बसून वारुळाशी वाट बघायची. त्या दिवशी तिच्या डब्यात तीस मुंग्या निघाल्या. निम्मी टाळकी. उरलेल्या राण्या होत्या, पण वाशेकेने एक उचलून उजेडात धरली आणि तिचा चेहरा बदलला.

"शोशो, हिचे पंख कुणी काढले?"

"गळले असतील, मुगुरेच्या आई."

"गळले? सांध्यापाशी चिंध्या लोंबतायत इथे. कुमारिकेचे पंख उपटून तिला लग्न झालेली म्हणून खपवतेस? माझ्या टेबलावर?"

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या, तमाशा कुणाला नको असतो.

"बरं," वाशेके गोड आवाजात म्हणाली. "आणि या मोठ्या डोक्यांच्या पण राण्याच ना तुझ्या मते?"

"मला वाटलं..."

"मग हात पुढे कर. राणी बिचारी भित्री, ती पळते, चावत नाही. हात कर ना. राण्या आहेत म्हणतेस तर भीती कसली?"

म्हातारीने हात पुढे केला. का केला, देव जाणे. कदाचित इतक्या जणींसमोर मागे घ्यायची लाज वाटली असेल. वाशेकेने डब्यातली टाळकी एकेक करून तिच्या तळव्यावर ठेवली. सहावीला न्याम्बेकीचा श्वास अडकला. दाणा फोडणारा जबडा तो, कातडीत शिरला की डोकं तुटेल पण सुटत नाही. नवव्या मुंगीला रक्ताचे थेंब मनगटाकडे ओघळले. बायका आधी हसत होत्या, मग एकेक करून गप्प झाल्या.

"आता कळलं?" वाशेकेने विचारलं.

"कळलं."

"काय कळलं?"

"या राण्या नाहीत."

"घरी जा. मीठपाण्यात हात बुडव." वाशेकेने पुढच्या बाईचा डबा ओढला. एक मुंगी न्याम्बेकीच्या बोटाला तशीच लटकत होती. जाताना कुणी ती काढून दिली नाही.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये वनखात्याची गाडी आली; परवान्याशिवाय रानातल्या राण्या धरून विकणं गुन्हा होता. त्यांना आधी पायवाटेवर डबा घेतलेली न्याम्बेकी सापडली. दोन-चार काठ्या मारून तिला दोन वाटा दिल्या: साक्षीदार हो, नाहीतर आरोपी. तिने न्गारूयाच्या मागच्या खोलीचा पत्ता दिला. तासाभरात वाशेके टेबलावरूनच उचलली गेली, तिच्याबरोबर न्गारूयाही. दोनशे चाळीस काचेच्या नळ्या, प्रत्येकीत ओला कापूस आणि एकेक राणी, आणि कोंबड्यांची ती जॅमची बाटली. खात्याच्या माणसांनी पंचनाम्यात सगळं एकसारखं दिसावं म्हणून बाटलीतली चौदा टाळकीसुद्धा नळ्यांत भरली. ज्यांना मुंगीचं पुढचं टोक कुठलं हे माहीत नव्हतं ते लोक मुंगी वाचवायला निघाले होते.

दोन आठवडे ती कोठडीत होती. पंधरा वर्षांची मुगुरे शेजारणीकडे झोपायची. पहिल्याच भेटीत तिने गजातून सांगितलं, "काका आला होता. म्हणतो, आई आत गेली तर तुला घेऊन जाईन. काकूला काम करायला कुणी नाही."

"शाळा?"

"शाळेचं काही बोलला नाही."

त्या काकूला वाशेके ओळखत होती. तिच्याकडे आधी एक पुतणी होती, दोन वर्षांत तिची पाठ वाकली. "मी सुटणार," वाशेके म्हणाली. "काकाला सांग, चहा पिऊन परत जा."

सुटायचा रस्ता वकील मुताहीने सांगितला. वकील न्गारूयाने लावलेला, दोघांना मिळून एकच. गुळगुळीत दाढीचा, घाईतला माणूस.

"नीट ऐका, मुगुरेच्या आई. खटला राण्यांवर आहे. साध्या मुंग्या तर मीसुद्धा सकाळपासून पन्नास चिरडल्या असतील. त्यांच्याकडे तज्ज्ञ नाही, आहे ती एक म्हातारी. तुम्हाला राणी आणि कामकरी यातलं काही कळत नाही, तुम्ही त्या खोलीत झाडायला जात होतात. एवढंच."

"मला कळत नाही असं म्हणू?"

"काही म्हणूच नका. बसा आणि खाली बघा. गप्प बसता येतं ना?"

"येतं."

"घरी जाऊन झोपाल त्या दिवशी."

खटल्याच्या दिवशी मुगुरे मागच्या बाकावर बसली होती, शाळेच्या गणवेशात, मांडीवर चपात्यांची पुडी. न्यायाधीश एक पोक्त बाई होत्या, चष्मा साखळीला बांधलेला. टेबलावर ट्रेमध्ये सगळ्या नळ्या मांडल्या होत्या. काही मुंग्या मेल्या होत्या, पण पुष्कळ राण्या जिवंत होत्या, कापसाला टेकून एक पाय हलवणाऱ्या. वाशेकेने एकदा ट्रेकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. नजर आपोआप डावी-उजवी करायला लागली होती.

मुताही बोलायला उभा राहिला. "महोदया, या बाईकडे बघा. चौथी नापास. फुलांच्या मळ्यातून काढून टाकलेली. हिला स्वतःचं वय सांगता येत नाही. मोठमोठ्या विद्यापीठांत शिकतात ती विद्या हिच्याकडे असेल? ही आणि शेतातली शेळी, मुंगीबद्दल दोघींचं ज्ञान सारखंच."

लोक हसले. वाशेकेने ओठ चावला. तिला वय माहीत होतं, त्रेचाळीस. चौथीत ती नापासही झाली नव्हती, फी नव्हती म्हणून काढली होती. पण ती खाली बघत राहिली. मागे मुगुरे होती.

मग न्याम्बेकीला पिंजऱ्यात बोलावलं. सरकारी वकिलाने तिला ट्रेपाशी नेलं.

"आजी, भिऊ नका. यातल्या राण्या कुठल्या ते कोर्टाला दाखवा."

न्याम्बेकी ट्रेवर वाकली. बराच वेळ तिने हात लावला नाही. एकदा तिने मान वळवून आरोपींच्या बाकाकडे पाहिलं, मग त्याच्याही मागे, जिथे गणवेशातली मुलगी बसली होती तिकडे. मग बोट ठेवलं.

"ही. ही एक. आणि ही."

एकेक करत तिने चौदा नळ्या बाजूला काढल्या. चौदाही टाळकी.

"या राण्या? नक्की?"

"डोकं बघा ना केवढं," न्याम्बेकी म्हणाली. "मोठं डोकं तिचंच असणार. तीच राज्य करते."

"आणि बाकीच्या दोनशे चाळीस?"

"त्या साध्या. कामकरी. अंगणातल्या."

न्गारूयाने हळूच श्वास सोडला. मुताहीचा चेहरा उजळला, तो पटकन उठला. "महोदया, सरकारचीच साक्षीदार सांगते आहे. चौदा. आणि त्यातल्या सगळ्या मेलेल्या. चौदा मेलेल्या मुंग्यांसाठी आपण एका आईला तुरुंगात घालणार?"

न्यायाधीश बाई वही पुढे ओढून लिहू लागल्या. सरकारी वकील कागद चाळत होता, त्याला काही सापडत नव्हतं. सगळं संपल्यात जमा होतं. पाच मिनिटांत मुगुरेची पुडी उघडली असती.

लिहिता लिहिता न्यायाधीश बाईंनी मान वर केली आणि त्या न्याम्बेकीला म्हणाल्या, "जा आजी, सांभाळून. या वयात काय नजर आहे हो तुमची."

वाशेकेच्या कानशिलात काहीतरी सणकलं.

न्याम्बेकीची नजर! अठरा वर्षं टेबलाशी उभं राहून बोटं सोलवटून घेतली कुणी, दोन दिवस न झोपता चार मुंग्या कुणी निरखल्या, सबंध तालुक्यात एक राणी चुकू दिली नाही कुणी? आणि ट्रेमध्ये तिने निवडलेल्या दोनशे चाळीस राण्या पडल्या होत्या, एकसे एक, आणि भर कोर्टात वहीत लिहून घेतलं जात होतं की त्या अंगणातल्या साध्या मुंग्या आहेत.

"टाळकी आहेत ती!"

मुताहीने तिचा दंड धरला. "खाली बसा."

"सोड! महोदया, ही म्हातारी तुम्हाला वेड्यात काढतेय. मोठं डोकं म्हणजे राणी? हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगणार नाही!"

"आई!" मागून मुगुरेचा आवाज आला.

न्यायाधीश बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "तुला यातलं कळतं?"

"मला नाही तर कुणाला?"

"ये इकडे. दाखव."

पुढची दहा मिनिटं वाशेकेच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती, हे तिने नंतर स्वतः कबूल केलं. तिने एक राणी नळीतून तळव्यावर घेतली. भरलेली पाठ दाखवली. पंखांच्या खुणा दाखवल्या, चार, सांध्यात स्वच्छ मोडलेल्या. न्यायाधीश बाई खुर्चीवरून उतरून खाली आल्या, चष्मा काढून त्याच्याच काचेतून त्यांनी कपाळावरचे तीन ठिपके बघितले आणि "अगं बाई" म्हणाल्या. वनखात्याचे साहेब वही काढून उतरवून घेऊ लागले. सरकारी वकिलाने दोन नळ्या पुढे केल्या आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, यातली कुठली? तिने हातात न घेताच सांगितलं. मग आणखी दोन. मग डोळे मिटून, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने. सगळं कोर्ट श्वास रोखून होतं. तिला कुणी बाई म्हणत नव्हतं, वेडी म्हणत नव्हतं, शेळी म्हणत नव्हतं.

"हे तुला शिकवलं कुणी?" न्यायाधीश बाईंनी कौतुकाने विचारलं.

"कुणी नाही. माझं मीच. गावाला मी शिकवलं."

"आणि या सगळ्या तू निवडल्यास?"

"एकूण एक."

न्यायाधीश बाई मान हलवत परत खुर्चीवर गेल्या, चष्मा लावला आणि आधीचं पान खोडून नवीन लिहायला घेतलं. पेनाचा आवाज ऐकू आला तेव्हा कुठे वाशेकेला आपण काय केलं ते कळलं. तळव्यावरची राणी अजून फिरत होती. ती कुठे ठेवायची हे तिला सुचेना.

मुताही खाकरला. "महोदया, माझं वकीलपत्र यापुढे फक्त श्री. न्गारूयांपुरतं आहे. त्यांनी या बाईला एक खोली भाड्याने दिली होती. तिथे ती काय विद्या चालवत होती याची त्यांना कल्पना नव्हती." न्गारूयाने मान डोलावली. त्याला तर खरंच धक्का बसल्यासारखा दिसत होता.

वाशेकेला एक वर्ष. विशेष ज्ञान असलेला आरोपी, असं निकालात लिहिलं. न्गारूया दुपारी घरी जेवला. आणि न्याम्बेकीला कोर्टाने जागेवरूनच ताब्यात घ्यायला सांगितलं. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल तिच्यावर वेगळा खटला. सरकारी वकील भडकला होता, तिने सहा महिन्यांची तरी तयारी ठेवावी असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मुगुरे कोठडीच्या दारात आली. शिपायाने पुडी आत दिली.

"काका बाहेर उभा आहे," ती म्हणाली. रडत नव्हती. "आई, एवढं एकच काम होतं तुला. गप्प बसायचं."

आणि मुगुरे वळली.

कोर्टामागच्या कोठडीत दोघीच होत्या. न्याम्बेकी भिंतीला टेकून गुडघे चोळत बसली होती. वाशेके उभ्यानेच पुडी सोडायला लागली. मग तिला राहवलं नाही. काही लोकांना शेवटपर्यंत राहवत नाही.

"मी एवढं शिकवलं, शोशो. रक्त काढून शिकवलं. तरी चौदाच्या चौदा चुकलीस?"

न्याम्बेकीने वर पाहिलं. "चौदाच्या चौदा. एक तरी चुकून बरोबर यायला हवी होती की नाही? न कळणाऱ्या माणसाची?"

वाशेकेचा हात पुडीवर थांबला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, हात सुजलेला असतानाच," म्हातारी म्हणाली. "नंतर तुझ्या टेबलावरून माझी एक तरी परत गेली का? आठव. तुझं नाव मी दिलं, माझ्याच्याने मार खाववला नाही. म्हटलं, दिलं तसं काढून घेऊ. पोर बसली होती तिथे."

बाहेर तुरुंगात न्यायच्या गाडीचं इंजिन चालू झालं. वाशेकेला बोलायचं होतं. निदान एकदा, साधं काहीतरी. तिने ओठ उघडले आणि बाहेर आलं ते हे:

"मग मला आधी सांगायचं नाही?"

न्याम्बेकीने तिच्याकडे असं बघितलं की रागसुद्धा उरला नव्हता त्यात. मग तिने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तशीच गजाकडे सरकली.

"साहेब," तिने शिपायाला हाक मारली. "मला हिच्याबरोबर नका बसवू. दुसरीकडे कुठे तरी घाला."

"दुसरीकडे कुठे, शोशो?" शिपाई कुलूप काढत म्हणाला. "बायकांची एकच खोली आहे तिथे. चला, उठा."